एका किल्लीचा जुडगा होताना

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, २००८ साली एक चिमुकलं फंक्शन आलं. नाव ‘सायकल कर्नल लॉक’. त्याच्या पोटात दोनच ओळी: पहिलीत कर्नलचं मोठं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घ्यायचं, दुसरीत ते सोडून द्यायचं. मध्ये काही नाही. कुलूप लावलं, काढलं, निघालो. नवख्याला हा कोड दाखवला तर तो म्हणेल, मधला कोड कुणीतरी खोडला आणि या दोन ओळी पुसायच्या राहिल्या. पण त्या पुसल्या असत्या तर काही जुने ड्रायव्हर (एकेक हार्डवेअर चालवणारे कोड) कधीतरी, अगदी क्वचित, मशीन सुरू होताना कोसळले असते.

त्याचं असं आहे. ड्रायव्हर सुरू होताना कर्नलकडे आपल्या डिव्हाइसची नोंदणी करतो आणि आपले बफर, हार्डवेअरचे रजिस्टर वगैरे मांडून घेतो. शहाणा क्रम म्हणजे आधी मांडामांड, मग नोंदणी. पुष्कळ जुन्या ड्रायव्हरांत तो उलटा होता. एकदा नोंदणी झाली की कुणीही ते डिव्हाइस ओपन करू शकतो, आत पसारा असला तरी. तरीही वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही, कारण बूट होतानाचं हे काम मोठ्या लॉकखाली चालायचं आणि ओपनही तेच लॉक घेऊन व्हायचं. त्यामुळे ओपन करणारा आपोआप उंबऱ्याबाहेर थांबायचा. ओपनचं फंक्शन अगदी रिकामं असलं तरी ते थांबणं उपयोगी पडत होतं. लॉकने कुठलाही डेटा राखला नव्हता, फक्त वेळ राखली होती. आणि हे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.

मोठं लॉक काढून त्या जागी लहान लहान लॉक आणायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वेगाचे आलेख येतात. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ जातो तो त्या लॉकच्या आडोशाला कोण कोण राहायला आलंय हे शोधण्यात. भाडेकरूंची यादी नसते, करारनामे नसतात, आणि निम्म्या भाडेकरूंना आपण भाडेकरू आहोत हेच ठाऊक नसतं.

जून १९९६ मध्ये लिनक्स २.० आलं आणि एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवायची सोय पहिल्यांदा झाली. ते काम मुख्यतः ॲलन कॉक्स यांचं. पद्धत सरळ होती: कर्नलच्या आत एका वेळी एकच प्रोसेसर. सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) असो की इंटरप्ट (हार्डवेअरने दिलेली हाक), आत शिरताना लॉक घ्यायचं, बाहेर पडताना सोडायचं. हेच ते ‘बिग कर्नल लॉक’, मंडळी त्याला बीकेएल म्हणतात (मुंबईकरांनी बीकेसी वाचू नये). या पद्धतीला हसण्यात अर्थ नाही. तोवरचा सगळा कोड एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेला, ‘इथे आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही’ हे जागोजागी धरून चाललेला. एका लॉकने ते सगळं गृहीतक जसंच्या तसं सांभाळलं. दोन प्रोसेसरच्या मशीनवर, आणि काम मुख्यतः यूजर प्रोग्रॅममध्येच चालत असेल तर, त्याची फारशी झळही बसत नव्हती.

झळ कधी बसते याचा हिशेब सोपा आहे. समजा एकूण वेळातला १० टक्के वेळ लॉकच्या आत जातो. दोन प्रोसेसरवर काम १.८ पट वेगाने होईल, म्हणजे छान. ३२ प्रोसेसर लावले तर जेमतेम ७.८ पट. आणि कितीही प्रोसेसर आणून ओतले तरी १० पटीच्या पुढे जाणं नाही. हाही कागदावरचा, उदार हिशेब. लॉकसाठी ताटकळणारे प्रोसेसर नुसते गप्प उभे राहत नाहीत. ते ज्या कॅशे लाइनमध्ये (प्रोसेसरजवळच्या मेमरीतल्या छोट्या तुकड्यात) लॉक आहे ती सारखी आपल्याकडे ओढत राहतात, आणि ज्याच्या हातात लॉक आहे त्याचंही काम त्या ओढाताणीत रखडतं. त्यामुळे ठरावीक संख्येनंतर प्रोसेसर वाढवले की एकूण काम वाढायच्या ऐवजी घटतं.

जानेवारी १९९९ च्या २.२ मध्ये इंटरप्ट या लॉकच्या बाहेर पडले आणि सिस्टिम कॉल ज्याच्या त्याच्या गरजेनुसार लॉक घेऊ लागले. जानेवारी २००१ च्या २.४ मध्ये नेटवर्किंगचा बराच भाग सुटला. वर्दळीचं सामान असं लवकर बाहेर निघालं. मागे उरली ती अडगळ: आयओकंट्रोलचे (डिव्हाइसला खास हुकूम देणाऱ्या कॉलचे) शेकडो हँडलर, फाइल लॉकिंग, टीटीवाय (टर्मिनल), जुन्या फाइलसिस्टिम, एलसीक (फाइलमधली जागा बदलणारा कॉल). ही अडगळ उपसायला पुढची दहा वर्षं लागली.

एवढा वेळ का लागला हे कळायला बीकेएलच्या दोन सवयी बघाव्या लागतात.

पहिली सवय: एकच टास्क (कर्नलच्या लेखी चालू असलेलं एक काम) ते पुन्हा पुन्हा घेऊ शकायचा. प्रत्येक टास्कपाशी एक मोजणी असे, सुरुवात उणे १ पासून. लॉक मागितलं की मोजणी एकाने वाढायची. ती शून्य झाली तरच खरं लॉक घेतलं जायचं, नाहीतर फक्त आकडा पुढे. त्यामुळे वरच्या फंक्शनने लॉक घेतलंय की नाही याची फिकीर न करता खालच्याने बिनधास्त घ्यावं.

दुसरी सवय जास्त खोडकर. जुन्या घरांत कोठीघराची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असायची. बीकेएलचा कारभार तसाच, फक्त त्यांचा डोळा लागला की किल्ली आपोआप खुंटीवर जायची आणि जाग आली की पुन्हा कमरेला. सासूबाईंच्या मते किल्ली सकाळपासून आपल्यापाशीच. मधल्या वेळात डब्यातले चार लाडू गेले हे डबा उघडून मोजल्याशिवाय कळणार नाही. कर्नलमध्ये हेच घडायचं: लॉक धरलेला टास्क मेमरीसाठी किंवा डिस्कसाठी झोपला की प्रोसेसरवर पाळी देणारा शेड्यूलर ते लॉक परस्पर सोडून द्यायचा आणि टास्क उठताना पुन्हा घेऊन ठेवायचा. कोड वाचणाऱ्याला वाटतं, सुरुवातीच्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपण एकटेच आहोत. पण मध्ये कुठेतरी मेमरी मागितली, ती मागणी झोपली, आणि त्याआधी यादीतून उचललेला पॉइंटर आता भलत्याकडेच बोट दाखवतोय.

या सवयीची दुसरी बाजूही आहे. झोपताना लॉक सुटत असल्यामुळे बीकेएल आणि एखादं म्युटेक्स (वाट बघताना टास्कला झोपवणारं लॉक) यांचा उलटसुलट क्रम लागला तरी डेडलॉक, म्हणजे एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं, व्हायचा नाही. म्युटेक्ससाठी थांबलेला टास्क झोपायचा, झोपताना बीकेएल सुटायचं, गाडी पुढे जायची. म्हणून शोधा-आणि-बदला करून बीकेएलच्या जागी म्युटेक्स बसवलं की दोन अपघात हमखास. एक, पुन्हा घेण्याच्या ठिकाणी टास्क स्वतःच्याच लॉकची वाट बघत कायमचा बसतो. हा बरा, लगेच दिसतो. दुसरा, आजवर क्रमाकडे कुणी लक्षच दिलेलं नसल्यामुळे दोन लॉक एकमेकांत अडकतात, आणि तेही महिन्यातून एकदा, गिऱ्हाइकाच्या मशीनवर.

रायझरएफएस या फाइलसिस्टिमचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. तिची सगळी झाडाची रचना बीकेएलच्या दुसऱ्या सवयीवर उभी होती. तिथल्या कोडला पक्कं ठाऊक होतं की झोपलो की झाड बदलेल. म्हणून झाडाची एक पिढी-संख्या ठेवलेली, आणि उठल्यावर ती बदललेली दिसली की शोध पहिल्यापासून. म्हणजे इथे लाडू मोजायची शिस्त होती! फ्रेडरिक वाइसबेकर यांनी बीकेएल काढून दर सुपरब्लॉकला (माउंट केलेल्या एकेका फाइलसिस्टिमला) एक लॉक दिलं, पण पुन्हा घेण्याची मुभा त्यातही ठेवावी लागली. आणि आधी जे आपोआप सुटायचं ते झोपेच्या एकेक जागी हाताने सोडायला आणि परत घ्यायला लावावं लागलं. एखादी जागा राहिली तर एक जण डिस्कची वाट बघतोय आणि बाकीचे त्याच्या मागे खोळंबलेत, अशी स्थिती. २०१० च्या सुरुवातीला २.६.३३ मध्ये हा बदल आला. फाइलसिस्टिम स्वतः पुढे ६.१३ मध्ये कर्नलमधून काढून टाकली गेली, तो भाग वेगळा.

दरम्यान २००८ मध्ये एक गंमत झाली. त्याआधीची काही वर्षं बीकेएल स्पिनलॉकऐवजी (ज्याची वाट जागेपणी घिरट्या घालत बघतात) सेमाफोर (ज्याची वाट झोपून बघतात) म्हणून वापरायची सोय होती, म्हणजे लॉक धरलेल्या टास्कलाही मध्येच बाजूला करता यावं आणि लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा उशीर) कमी राहावी. २.६.२६ च्या तयारीत सेमाफोरचा कोड नव्याने, स्वच्छ आणि न्याय्य पद्धतीने लिहिला गेला: लॉक सोडणारा ते थेट रांगेतल्या पहिल्याच्या हाती देणार. ऐकायला चांगलं. पण एआयएम७ या चाचणीत वेग सुमारे ४० टक्क्यांनी पडला. न्याय केल्यावर असं का व्हावं? ज्याच्या हाती लॉक दिलं तो अजून झोपलेला. त्याला उठवून प्रोसेसरवर आणेपर्यंत लॉक त्याच्या नावावर, पण काम कुणीच करत नाही. आणि प्रोसेसरवर जागा असलेला, लॉक घेऊन पटकन काम उरकू शकणारा टास्क मात्र रांगेच्या शेपटाला जाऊन झोपतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी बीकेएल पुन्हा साधं स्पिनलॉक केलं आणि लेटन्सीवाल्यांना निरोप मिळाला: त्रास होत असेल तर बीकेएलच काढा. इन्गो मोल्नार यांनी त्यासाठी वेगळी शाखा काढली आणि शेवटचा उपसा सुरू झाला.

उपशाची मुख्य युक्ती म्हणजे लॉक खाली ढकलणं. समजा वरच्या थरातलं एक फंक्शन बीकेएल घेऊन शंभर ड्रायव्हरांचं ओपन बोलावतं. वरचं लॉक सरळ काढता येत नाही, कारण शंभरातल्या कुणाला ते लागतं हे माहीत नाही. मग पहिल्या पायरीत शंभरही ओपनमध्ये, प्रत्येकाच्या सुरुवातीला आणि शेवटी, तेच लॉक लिहायचं आणि मगच वरचं काढायचं. वागणुकीत फरक शून्य. कोड उलट लांबतो आणि कुरूप दिसतो. पण एका न फुटणाऱ्या प्रश्नाचे शंभर लहान प्रश्न होतात, आणि त्यातला एकेक त्या ड्रायव्हरची जाण असलेला माणूस एका संध्याकाळी सोडवू शकतो. कॅरॅक्टर डिव्हाइसच्या ओपनसाठी हे काम जोनाथन कॉर्बेट यांनी २.६.२७ मध्ये केलं. सुरुवातीला सांगितलेलं ते दोन ओळींचं फंक्शन याच ढकलाढकलीतून जन्मलं. आयओकंट्रोलसाठी वाट थोडी वेगळी होती: २००५ मध्येच ‘अनलॉक्ड’ नावाचा दुसरा मार्ग उघडून ठेवलेला, जो ड्रायव्हर तयार होईल त्याने तिकडे जायचं. जुना मार्ग २०१० मध्ये बंद झाला.

ढकलताना रिटर्नच्या वाटांवर बारीक लक्ष लागतं. एका ओपनमध्ये सहा ठिकाणी एरर देऊन परतायची सोय असेल तर सहाही ठिकाणी लॉक सुटलं पाहिजे. म्हणून आतल्या फंक्शनला हात न लावता त्याभोवती एक पातळ वेष्टण करायचं: लॉक घे, आतलं बोलाव, उत्तर ठेवून घे, लॉक सोड, उत्तर परत दे. दिसायला बाळबोध, पण पुढे ते काढताना एकच जागा बदलावी लागते.

शेवटची झाडलोट अर्न्ट बर्गमान यांनी केली. जानेवारी २०११ च्या २.६.३७ मध्ये कर्नल बीकेएलशिवाय बिल्ड करता येऊ लागलं, मे २०११ च्या २.६.३९ मध्ये ते संपलं. लॉक आणायला एक व्हर्जन लागली, काढायला जवळपास पंधरा वर्षं.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी हेच २००० साली एका दमात करायचं ठरवलं. त्यांच्याकडच्या लॉकचं नाव ‘जायंट’. वाद इतका झाला की मॅथ्यू डिलन यांनी २००३ मध्ये वेगळा रस्ता धरून ड्रॅगनफ्लाय बीएसडी काढलं. नेटवर्किंग जायंटमधून बाहेर यायला २००४ चं ५.३ उजाडलं, आणि मागच्या खोल्यांत जायंट त्यानंतरही बरीच वर्षं राहिला. ठरवून केलं काय किंवा हळूहळू केलं काय, शेपूट तेवढंच लांब निघतं.

आता हातात घेण्याजोग्या कामाकडे. आजच्या कर्नलमध्येही कुठल्या ना कुठल्या उपप्रणालीत असं एखादं सगळ्यांवर स्वार झालेलं लॉक असतंच.

आधी मोजायचं. लॉक-स्टॅट चालू करून कर्नल बिल्ड केलं की प्रत्येक लॉकसाठी किती वेळा चुरस झाली, कमाल किती वेळ थांबावं लागलं, किती वेळ धरून ठेवलं हे दिसतं. पर्फ या मोजमापाच्या साधनातही लॉकच्या चुरशीचा वेगळा अहवाल निघतो, आणि त्याला खास बिल्ड लागत नाही. धरण्याचा आणि थांबण्याचा वेळ शेजारी शेजारी ठेवून वाचा. धरायचा वेळ मोठा असेल तर लॉक तोडण्याआधी त्याच्या आत चाललेलं काम बाहेर काढता येतं का बघा: मेमरी आधीच मागून ठेवणं, यूजरकडून डेटा आधीच कॉपी करून घेणं, मोकळी करायची मेमरी लॉक सोडल्यावर मोकळी करणं. अर्ध्या वेळा एवढ्यानेच भागतं, आणि तेव्हा तिथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. लॉकचे तुकडे करणं हा शेवटचा उपाय.

तोडायचंच असेल तर पहिल्या पॅचमध्ये एकही लॉक बदलू नका. त्या लॉकखालच्या प्रत्येक फील्डची यादी करा आणि रचनेच्या व्याख्येत, त्या फील्डच्या वर, ते कुणाच्या राखणीत आहे ते लिहा. मग त्या फील्डला हात लावणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी ‘हे लॉक धरलेलं असलंच पाहिजे’ अशी लॉकडेपची (कर्नलमधल्या लॉकांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेची) तपासणी घाला आणि आठवडाभर चाचण्या चालवा. जिथे इशारा येईल तो एकतर जुना बग किंवा तुमच्या यादीतली चूक. दोन्ही आत्ता कळलेली बरी. लॉक कोडला लावायचं नसतं, डेटाला लावायचं असतं, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण ‘कुठल्या डेटाला?’ विचारलं की गाडी अडते.

लॉकडेप २००६ मध्ये २.६.१८ बरोबर आलं, आणि माझ्या मते त्याच्याशिवाय हा सगळा उद्योग करायला जाऊच नये. डेडलॉक प्रत्यक्ष व्हायची ते वाट बघत नाही. सोमवारी कुणीतरी ‘अ’ धरून ‘ब’ घेतलं आणि गुरुवारी भलत्याच कोडने ‘ब’ धरून ‘अ’ घेतलं, तरी ते दोन्ही नोंदी जोडून तक्रार करतं. नोंद एकेका लॉकची नसते, लॉकच्या वर्गाची असते. लाखो इनोड (एकेका फाइलची किंवा डिरेक्टरीची कर्नलमधली नोंद) असले तरी त्यांची लॉक त्या फाइलसिस्टिमच्या प्रकारापुरत्या एखाद-दोन वर्गांत. म्हणून एकाच वर्गातली दोन लॉक एकापाठोपाठ घ्यायची, जसं आधी पालक डिरेक्टरी आणि मग तिच्यातली उपडिरेक्टरी, तर उपवर्ग सांगावा लागतो. उपवर्ग अंदाजाने लिहू नका. चुकीचा उपवर्ग लॉकडेपला गप्प बसवतो आणि डेडलॉक तसाच राहतो. आणखी एक: पहिली तक्रार छापली की लॉकडेप स्वतःला बंद करून घेतं. बूटच्या वेळीच दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरने तक्रार ओढवून घेतली असेल तर तुमची चाचणी ‘पास’ दिसेल, पण बघणारं कुणी नव्हतंच. चाचणीआधी आणि नंतर कर्नलचा लॉग वाचा.

चुका ठरलेल्या आहेत. स्पिनलॉक धरून झोपू शकणारी मेमरी मागणं. यूजरच्या मेमरीला हात लावणं, जिथे पेज फॉल्ट (हवं ते मेमरीचं पान हजर नसल्याने कर्नलकडे जाणं) होऊन झोप येऊ शकते. इंटरप्टमध्येही लागणारं लॉक साध्या पद्धतीने घेणं: त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट येतो, तेच लॉक मागतो, आणि ज्याने ते सोडायचं तोच खाली अडकलेला. यांना पकडायला तपासण्या आहेत आणि सरावलेला माणूस नजरेनेही पकडतो.

नजरेला न दिसणारी चूक आयुष्याची आहे, वस्तूच्या आयुष्याची. एका मोठ्या लॉकखाली यादीतून वस्तू शोधली, वापरली, लॉक सोडलं. तोवर ती कुणी मोकळी करू शकत नव्हतं, कारण मोकळी करणाऱ्यालाही तेच लॉक लागतं. आता आपण प्रत्येक वस्तूच्या पोटात तिचं स्वतःचं लॉक ठेवलं. यादीत वस्तू सापडली आणि तिचं लॉक घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात दुसऱ्याने ती मोकळी केली. हात गेला तो मोकळ्या झालेल्या मेमरीत. वस्तूच्या आतलं लॉक त्या वस्तूचं अस्तित्व राखू शकत नाही. ते राखायला तिसरं काहीतरी लागतं: संदर्भ-मोजणी (वस्तू किती जण वापरताहेत त्याचा आकडा) किंवा आरसीयू (आधीपासून वाचणारे निघून जाईपर्यंत वस्तू मोकळी न करण्याची पद्धत). आणि मोजणीही ‘शून्य नसेल तरच वाढव’ या प्रकारची, नाहीतर मेलेल्याला उठवून बसवाल. त्याउपर, लॉक हाती आल्यावर पुन्हा एकदा बघायचं की वस्तू अजून यादीत आहे ना. शोधणं आणि लॉक मिळणं यांच्या मध्ये फट असते, आणि मोठ्या लॉकने ती बुजवलेली होती.

आरसीयूचं नाव निघालं म्हणून डीकॅशेबद्दल, म्हणजे फाइलांच्या नावांच्या कॅशेबद्दल, सांगायला हवं. फाइलचं नाव सोडवताना ‘/’ मग ‘यूएसआर’ मग ‘शेअर’ असे एकेक टप्पे येतात, प्रत्येक टप्प्याची एक डेंट्री. २०११ पर्यंत या कारभारातल्या बहुतेक बदलांवर डीकॅशे लॉक नावाचं सगळ्यांचं मिळून एकच लॉक होतं. प्रत्येक डेंट्रीला स्वतःचं लॉक दिलं की झालं, असं वाटेल. पण मशीनवरचा प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक ॲब्सोल्यूट पाथसाठी ‘/’ वरूनच जातो. मूळ डेंट्रीचं लॉक नावाला तिचं एकटीचं, वागायला पुन्हा सगळ्या गावाचं. इथे बारीक लॉक पुरत नाही. मार्च २०११ च्या २.६.३८ मध्ये निक पिगिन यांच्या कामाने डीकॅशे लॉक गेलं ते दोन गोष्टींमुळे. लिहिणाऱ्यांसाठी लॉक बारीक झालं, आणि वाचणाऱ्यांसाठी असा रस्ता निघाला ज्यात ते वाटेत कुठेही काहीच लिहीत नाहीत. लॉक नाही, मोजणीही नाही. डेंट्रीचा क्रमांक (दर बदलाला वाढणारा) आधी वाचायचा, नाव जुळवायचं, क्रमांक पुन्हा वाचायचा. बदललेला दिसला तर मुकाट्याने जुन्या, लॉकच्या रस्त्याने जायचं.

‘काहीच लिहीत नाहीत’ यावर जोर अशासाठी की वाचन-लॉक फुकट असतं असा एक गैरसमज फार पसरलाय. वाचणारे एकमेकांना अडवत नाहीत हे खरं. पण प्रत्येक जण आत शिरताना त्या लॉकमधल्या मोजणीत एक मिळवतो आणि निघताना वजा करतो. मोजणी एकाच कॅशे लाइनमध्ये, आणि ६४ बाइटची ती लाइन लिहिण्यासाठी एका वेळी एकाच प्रोसेसरकडे असू शकते.

एमएमॅप लॉकचं दुखणं नेमकं हेच होतं. प्रोसेसची मेमरी तुकड्यातुकड्यांत वाटलेली असते: कोड, हीप, स्टॅक, एकेक लायब्ररी. प्रॉकमधली त्या प्रोसेसची मॅप्स फाइल उघडली की दिसणारी प्रत्येक ओळ म्हणजे असा एक तुकडा, व्हीएमए. तुकडे शेकड्यांनी, लॉक सगळ्यांना मिळून एकच. पेज फॉल्ट ते वाचनासाठी घ्यायचा, नवा तुकडा जोडणारा लिहिण्यासाठी. शंभर थ्रेड आपापल्या निवांत कोपऱ्यात पेज फॉल्ट घेत असले तरी मोजणी एकच, आणि एखादा थ्रेड तुकडा जोडायला आला की सगळे उभे.

जून २०२३ च्या ६.४ मध्ये सुरेन बागदासार्यान यांचं काम आलं आणि प्रत्येक व्हीएमएला स्वतःचं लॉक मिळालं. त्यातली लिहिणाऱ्याची बाजू मला फार आवडते. लिहिणारा एमएमॅप लॉक घेतोच. मग ज्या तुकड्यात बदल करायचा त्याचं लॉक क्षणभर घेऊन, प्रोसेसचा चालू क्रमांक (पीआयडी नव्हे, लिहिण्याच्या फेऱ्यांची मोजणी) त्या तुकड्यावर उतरवतो आणि ते सोडून देतो. पेज फॉल्टला तुकड्यावरचा आणि प्रोसेसचा क्रमांक सारखा दिसला तर अर्थ एकच: इथे काम चालू आहे, मोठ्या लॉकच्या रस्त्याने या. लिहिणाऱ्याचं काम संपलं की तो प्रोसेसचा क्रमांक एकाने वाढवतो, आणि खुणा केलेले सगळे तुकडे, दोन असोत की दोन हजार, त्या एका बेरजेने मोकळे होतात. यातही कॅशे लाइनने चिमटा काढलाच. लॉक व्हीएमएच्या पोटात ठेवल्यावर चाचण्या मंदावल्या, म्हणून सुरुवातीच्या रूपात ते बाहेर, वेगळ्या मेमरीत ठेवावं लागलं.

आणि मग पुन्हा तेच, न लिहिलेलं गृहीतक. फोर्क होताना, म्हणजे प्रोसेसची नक्कल काढून मूल-प्रोसेस बनवताना, पालकाची पेज टेबलं (मेमरीच्या पानांच्या पत्त्यांची नोंद) मुलासाठी उतरवली जातात आणि दोघांकडची लिहिण्याजोगी खासगी पानं ‘फक्त वाचा’ केली जातात, म्हणजे पुढे जो पहिल्यांदा लिहील त्याला वेगळी प्रत मिळते. हे चालू असताना पालकाच्या दुसऱ्या थ्रेडने पेज फॉल्ट घेऊन तीच टेबलं बदलून चालणार नाही. आजवर त्याला कोण अडवत होतं? फोर्कने लिहिण्यासाठी धरलेलं एमएमॅप लॉक. आता पेज फॉल्ट त्या लॉककडे बघतच नव्हता, आणि फोर्क तर कुठल्याच व्हीएमएत ‘बदल’ करत नव्हता, नुसती नक्कल करत होता. त्यामुळे खूण करायचं कुणाच्या मनात आलं नाही. ६.४ बाहेर पडल्यावर बरेच थ्रेड चालवून फोर्क करणाऱ्या प्रोग्रॅमांची मेमरी बिघडल्याच्या तक्रारी आल्या. आधी हे सगळं वैशिष्ट्यच बंद करून ठेवलं गेलं, मग दुरुस्ती आली.

दुरुस्ती अशी: फोर्क एमएमॅप लॉक घेतो आणि शिवाय पालकाच्या प्रत्येक व्हीएमएवर एकेक करून लिहिण्याची खूण करत जातो. ५६ कोअरच्या मशीनवर कर्नल बिल्डच्या वेळात फरक जाणवला नाही. १०,००० व्हीएमए मांडून ५,००० वेळा लागोपाठ फोर्क करणाऱ्या, मुद्दाम छळायला लिहिलेल्या चाचणीत वेग सुमारे ५ टक्क्यांनी उतरला, आणि तो तसाच स्वीकारला गेला.